अकरा शीट, दोन माणसं

मित्रांनो, मी एक जुनी काळीपिवळी जीप आहे. एवढं वाचूनच तुमच्यापैकी काहींनी डोळे ओले करायची तयारी केली असेल. परीक्षेच्या पेपरात फाटकी छत्री बोलते, गंजलेली सायकल बोलते, आणि बोलता बोलता सगळ्या रडतात. मी रडणार नाही. वीस वर्षं मी जळगाव ते पारोळा रस्त्यावर माणसं वाहिली आहेत, आणि माणसं वाहणाऱ्याला माणसांबद्दल जे वाटतं तेच मला वाटतं. म्हणजे फारसं चांगलं काही वाटत नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. मला विकत घेतलं मोतीलाल यांनी. ते मूळचे पारोळ्याकडचे, पण राहायला जळगावात, मेहरूणला. अख्खी गल्ली त्यांना आबा म्हणते. मला घरी आणलं त्या दिवशी आबांनी नारळ फोडला, पेढे वाटले, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. गल्लीतल्या बायका येऊन माझ्या अंगावरून हात फिरवून गेल्या. पुढच्याच आठवड्यात आबांनी माझं पांढरं अंग काळं-पिवळं रंगवून घेतलं आणि मला स्टँडवर उभं केलं. कौतुक किती दिवस टिकतं, याचा हिशेब मला तेव्हाच कळला.

माझ्यात पुढे दोन, मध्ये चार आणि मागे पाच, अशी अकरा माणसं बसतात. आमच्या धंद्यात मात्र माणसाला माणूस म्हणत नाहीत, शीट म्हणतात. एरंडोलचं एक शीट, पाळधीची दोन शीट. शीटला नाव नसतं, फक्त उतरायचं ठिकाण असतं. मी नवऱ्यामुली वाहिल्या, केळीचे घड वाहिले, बारावीला नापास झालेली पोरं वाहिली, एकदा मतदान यंत्रांबरोबर एक मास्तर वाहिला, तो भीतीने वाटेत दोनदा ओकला. या सगळ्यांत शहाणं निघालं ते एक बोकड. त्याने कोणाला सरकून बसायला सांगितलं नाही आणि खिडकीही मागितली नाही.

आबांचा एक नेम होता, तो तुम्हाला सांगायलाच हवा. दुसऱ्या वर्षी एकदा ते घाईत एक शीट रिकामं ठेवून एरंडोलहून निघाले आणि पाळधीच्या अलीकडे माझा टायर फुटला. वास्तविक तो टायर गुळगुळीत झाला होता आणि महिनाभर मी ते ओरडून सांगत होते. पण माणसाला स्वतःची चूक दिसली तर तो माणूस कसला. आबांनी रस्त्यातच दोन्ही कान धरले आणि म्हणाले, "आते गाडी भरल्याबिगर हालनार नही!" तेव्हापासून अठरा वर्षं मी एकदाही रिकाम्या शीटवर निघाले नाही. ऊन असो, परीक्षा असो, कोणाच्या घरी मयत असो, अकरावं शीट येईपर्यंत दहा जण माझ्यात घामाघूम होऊन बसत, आणि आबा बाहेर उभे राहून "एक शीट, एक शीट" असं ओरडत. बसलेल्या दहांकडे आम्ही दोघंही कधी वळून बघत नसू. आमचा डोळा त्या रिकाम्या जागेवर.

मग दिवस फिरले. महामार्ग रुंद झाला, घरोघरी मोटारसायकली आल्या, एसटीने बायकांना अर्धं तिकीट केलं आणि माझी अर्धी गाडी तिकडे पळाली. ज्या बायका "आबा, जागा धरून ठेवा" म्हणून गयावया करायच्या, त्या आता माझ्याकडे पाठ करून लाल बसची वाट बघू लागल्या. मी आठवड्यातले चार दिवस मेहरूणच्या गल्लीत उभी राहू लागले. माझ्या टपावर पापड वाळत, बॉनेटवर पोरं क्रिकेटचा स्टंप म्हणून वीट ठेवत. आणि याच काळात समीक्षा रोज संध्याकाळी माझ्या मधल्या शीटवर येऊन बसू लागली.

समीक्षा आबांच्या समोरच्या घरात राहते. वय छत्तीस, काम एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं. लग्न झालेलं नाही, आणि त्याची चिंता तिच्यापेक्षा गल्लीला जास्त. घरात आई द्रौपदाबाई आणि धाकटा भाऊ प्रशील. घरात टीव्हीचा आवाज इतका मोठा की फोनवर बोलायचं तर बाहेर यावं लागे, आणि बाहेर बसायला माझ्याइतकी फुकटची जागा दुसरी नव्हती. आबांनी दार कधी कुलूपबंद केलं नाही. चोरण्यासारखं माझ्यात काय होतं?

तर ही समीक्षा फोनवर कोणाशी बोलायची, तर अशा दहा लोकांशी ज्यांना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. कोरोनातल्या घरबंदीच्या वर्षी हिने भाकरी जाळली. जाळली ती जाळली, वर तिचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. कल्याणच्या एका बाईने उत्तरादाखल स्वतःची जळलेली खिचडी टाकली. धुळ्याच्या एकाने कोळसा झालेली शंकरपाळी टाकली. असं करत करत अकरा जण जमले आणि त्यांनी गट केला. गटाचं नाव 'करपलं तरी आपलं'. मित्रांनो, स्वयंपाक येत नाही याची माणसाला लाज वाटायला हवी. या लोकांनी त्याची मैत्री केली!

रोज संध्याकाळी मी हे ऐकत होते. कोणाची आमटी तळाला लागली, कोणाचा कुकर फुटला. धुळ्याचा नवल नावाचा गृहस्थ लिहायचा एवढं विनोदी की समीक्षा एकटीच माझ्यात बसून खो खो हसायची, आणि येणारे-जाणारे तिच्याकडे बघून मान हलवत पुढे जायचे. मागच्या वर्षी द्रौपदाबाई अठरा दिवस दवाखान्यात होत्या. तेव्हा कल्याणची ती हेमांगी रोज सात वाजता फोन करायची आणि अर्धा तास निव्वळ स्वतःच्या करपलेल्या डाळीबद्दल बोलायची. आईचं कसं आहे, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही विचारायची नाही. समीक्षा आधी नुसती ऐकायची, मग हळूहळू हसायची, आणि मग डोळे पुसून दवाखान्यात डबा घेऊन जायची. मला तेव्हाही वाटलं, काय रिकामटेकडी बाई आहे.

गेल्या सप्टेंबरात या लोकांच्या डोक्यात आलं की आपण एकदा प्रत्यक्ष भेटावं. कुठे? तर समीक्षाच्या खानदेशात. कारण काय? तर इथलं भरीत. वांगं इथे कपाशीच्या काड्यांवर काळंठिक्कर जाळतात, मग सोलून लाकडी बडगीत ठेचतात. जाळण्यावाचून जो पदार्थ होतच नाही, तो यांना जमेल असा त्यांचा तर्क होता. एवढं एकच शहाणपणाचं बोलणं मी त्या गटात ऐकलं.

पण नुसतं भरीत खाऊन परत जातील तर ती आजकालची माणसं कसली. त्यांना स्थळदर्शन हवं होतं. आणि तिथून तीन महिने माझ्या मधल्या शीटवर जे चाललं, त्याला नियोजन म्हणतात असं मला नंतर कळलं. समीक्षाने फोनवर तक्ता केला. सकाळी आठला जळगाव स्टेशन, मग पद्मालय, मग फरकांड्याचे झुलते मनोरे, मग पाटणादेवी, मग धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला, मग उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, मग मनुदेवी. एकूण अकरा ठिकाणं. एका दिवसात! उनपदेव तापीच्या पलीकडे, पाटणादेवी चाळीसगावच्या डोंगरात. फोनवर दोन बोटं फाकवली की दोन्हींच्या मध्ये वीतभरही अंतर दिसत नाही. त्या वीतभरात माझे किती गिअर आणि आबांची किती कंबर जाते, ते त्या बोटांना काय ठाऊक?

वर प्रत्येक ठिकाणावर मतदान. नागपूरकराला सूर्यास्त कुठला चांगला ते हवं होतं. सोलापूरच्या बाईला किल्ल्यावर चहा मिळतो का ते हवं होतं. इंदूरचे एक साहेब प्रत्येक सूचनेला होकाराचा अंगठा दाखवायचे, मग ती सूचना आदल्या सूचनेच्या विरुद्ध का असेना. एकाने मनुदेवीच्या धबधब्याखाली भिजायचं ठरवलं. डिसेंबरात तिथे पाणी किती असतं, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही. एकाने सोमवारी अजिंठा सुचवला. सोमवारी लेणी बंद असतात हे माझ्या स्टेपनीलाही माहीत आहे. आणि समीक्षा हे सगळं रात्रंदिवस जुळवत होती. सगळ्यांचं सगळं ऐकून घेत होती, तक्ता खोडून पुन्हा करत होती. या तीन महिन्यांत हेमांगी आणि नवल यांनी मात्र काहीच मागितलं नाही, म्हणून त्यांना काय हवंय हे कोणी विचारलंही नाही.

प्रशील हे सगळं बघत होता. तो बसस्टँडजवळ मोबाईलच्या फुटक्या काचा बदलतो. ज्या फोनवर त्याचं पोट चालतं, त्यातल्या माणसांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. एक दिवस माझ्या दाराला टेकून तो बहिणीला म्हणाला, "ताई, ही माणसं नाहीत, हे अंगठे आहेत. अंगठ्याला पाय नसतात. एकही जण येणार नाही."

"अकराच्या अकरा असणार आहोत आम्ही," समीक्षा म्हणाली. "माझी माणसं आहेत ती."

"बघू," प्रशील हसला. "मी आईला पण सांगून ठेवतो, तुझी माणसं येणार म्हणून."

त्या 'बघू'ने घोळ केला. तिथपर्यंत तिला मित्रांना भेटायचं होतं. तिथपासून तिला अकरा आकडा भरायचा होता. छत्तीस वर्षांत या घरात, या गल्लीत तिला 'माझी माणसं' असं म्हणायची ही पहिलीच वेळ होती. ती खोटी ठरली तर पुन्हा तोंड वर करून बोलायची सोय राहणार नव्हती. हे सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं. मला कीव आली नाही. आकडा भरायचा सोस मी तिच्याआधी अठरा वर्षं पाहिला होता, आणि मला तो योग्यच वाटत होता.

गाडी ठरवायला ती आबांकडे आली. आबांनी आधीच बजावलं, "ताई, तुले माहित शे. मन्ही गाडी भरल्याबिगर हालत नही."

"आबा, एक शीट रिकामं राहणार नाही. शब्द देते."

"बठ्ठा येतीन?"

"सगळे येतील."

"मंग जाऊत," आबा म्हणाले.

डिसेंबरातला तो रविवार उजाडला. आबांनी कित्येक महिन्यांनी मला साबण लावून धुतलं, शीटांवर धुतलेली चादर अंथरली, आरशाला झेंडूची माळ घातली. साडेसातला आम्ही जळगाव स्टेशनच्या बाहेर उभे होतो. समीक्षाने नवा ड्रेस घातला होता आणि हातात सगळ्यांच्या नावांचा कागद होता.

पहिली आली हेमांगी. रात्रीच्या गाडीत बसायला जागा धड मिळाली नसावी, डोळे तांबारलेले. फोनवर मोठी ऐटबाज वाटायची, समोर माझ्या पायरीवर चढताना धापा टाकत होती. दोघींनी एकमेकींना घट्ट मिठी मारली. हेमांगीने पिशवीतून एक शाल काढली. "तुझ्या आईसाठी. दवाखान्यातून आल्यावर थंडी वाजते म्हणालीस ना."

"अगं कशाला!" असं म्हणून समीक्षाने शाल मागच्या शीटवर ठेवली आणि फोन बघितला.

दहा मिनिटांनी नवल आला. धुळ्यात त्याचं झेरॉक्सचं दुकान. पन्नाशीचा, बारीक, फिकट शर्टातला माणूस. गटावर जो शंभर ओळी लिहायचा, तो समोर "नमस्कार" यापलीकडे शब्द बोलेना. त्याने स्टीलचा डबा पुढे केला. स्वतः केलेले शेंगदाण्याचे लाडू, अर्थातच करपलेले. समीक्षा "वा वा" म्हणाली, डबा न उघडताच पुढे काचेपाशी ठेवला, आणि पुन्हा फोन बघितला.

कारण तिथे रांग लागली होती. एकाला ताप. एकीची रजा साहेबांनी रद्द केली. एकाचं तिकीट वेटिंगवरच राहिलं. एकीच्या मांजरीने रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. एकाला वाटलं होतं पुढचा रविवार. असे पाच गळाले, आणि प्रत्येकाच्या खाली बाकीच्यांनी बदाम टाकले. "खूप मिस करू, फोटो टाका." उरलेले तिघं, नागपूर, सोलापूर आणि इंदूर, "वाटेत आहोत" एवढं लिहून गप्प झाले.

साडेआठ झाले. नऊ झाले. साडेनऊ झाले. समीक्षा एक पाय माझ्या पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून नंबर फिरवत होती. "नागपूरहून निघालात ना? कुठपर्यंत पोहोचलात?" पलीकडे कोणी उचलत नव्हतं. ती पुन्हा फिरवायची. आबा नेमाप्रमाणे बाहेर उभे. आणि मी? मी नेहमीसारखी रिकामी शीट मोजत होते. आठ. मला त्या सगळ्यांचा मनस्वी तिटकारा आला होता. न आलेल्यांचा तर आलाच होता, पण आलेल्या दोघांचाही. कशाला आलात? बाकीचे शहाणे घरी झोपलेत, तुम्हीच तेवढे वेडे!

हेमांगीने एकदा विचारलं, "आपण तिघं निघूया का? मला संध्याकाळची परतीची गाडी आहे."

"थांब गं पाच मिनिटं. येतायत सगळे," समीक्षा तिच्याकडे न बघता म्हणाली.

सव्वादहाला फोन वाजला. हिने झडप घालून उचलला. प्रशीलचा होता. माझं इंजिन बंद, रस्ता त्या घडीला शांत, त्यामुळे पलीकडचा आवाजही मला ऐकू आला. "काय ताई, किती आले?"

समीक्षा तोंड वळवून म्हणाली, "अजून कोणी नाही. येतायत."

मित्रांनो, माझ्या आत बसून लोकांनी काय काय बोललेलं मी ऐकलंय. शिव्या ऐकल्यात, खोट्या शपथा ऐकल्यात. पण एवढे साधे तीन शब्द माझ्या पत्र्याला इतके कधी लागले नव्हते. मधल्या शीटवर कल्याणहून आलेली बाई बसली होती. मागच्या शीटवर धुळ्याहून आलेला माणूस बसला होता. आणि ही म्हणत होती, कोणी नाही.

हेमांगी उठली. बॅग घेतली आणि खाली उतरली.

"कुठे चाललीस?" समीक्षाने विचारलं.

"दुपारची एखादी गाडी असेल, बघते."

"अगं, पण सगळे येतायत..."

"येऊ देत ना. तुझी गाडी भरू दे. मी कोणी नाही, म्हणजे माझ्या जाण्याने शीटही रिकामं व्हायचं नाही."

ती गेली. समीक्षा फोन हातात धरून तशीच उभी. आणि मग मागच्या शीटवरून, सकाळपासून मुका असलेला नवल बोलला. धुळ्याचा माणूस, मनापासून बोलायची वेळ आली तशी त्याची घरची बोली बाहेर आली.

"ताई, मी चार वाजता उठनू. अंधारामा यष्टी धरी. माले कोनी समजू नका, चाली. पन ती बाई रातभर परवास करी ऊनी. तिले पानी तरी इचाराले पाहिजे व्हतं."

पाणी! मी आठवून पाहिलं. साडेसातपासून सव्वादहापर्यंत त्या बाईला कोणी घोटभर पाणी विचारलं नव्हतं. चहा विचारला नव्हता. खानदेशात दारात आलेल्या वैऱ्याला आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात. समीक्षाची आई पोस्टमनला पाणी विचारते. आणि ही पोरगी, जिने तीन महिने अकरा ठिकाणांचे अकरा तक्ते केले, तिच्या एकाही तक्त्यात पाणी नव्हतं.

समीक्षाने फोन शीटवर टाकला, आबांची पाण्याची बाटली उचलली आणि स्टेशनच्या आत धावली.

आत काय झालं ते मला माहीत नाही. स्टेशनात जीप जात नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आबा तंबाखू मळायचं विसरले. नवलने स्वतःचा डबा स्वतःच उघडला, एक लाडू आबांना दिला आणि एक स्वतः तोंडात टाकला. शीटवर फोन सारखा चमकत होता. मी त्याच्याकडे पाहत होते आणि मला एकदम लाज वाटली. हे सांगायला मला मुळीच आवडत नाही. समीक्षाला मी तीन महिने हसत होते, आणि तिने जे एक दिवस केलं ते मी अठरा वर्षं केलं होतं. बसलेल्यांना उन्हात शिजवलं होतं, न आलेल्या एका शीटसाठी. बाळंतिणी असतील, म्हातारे असतील, परीक्षेची पोरं असतील. मी वळून कधी बघितलं होतं?

शेवटी दोघी आल्या. हातात हात वगैरे काही नव्हतं. हेमांगी पुढे, चेहरा अजून फुगलेला, डोळे रडलेले. समीक्षा मागून तिची बॅग घेऊन. बाटली रिकामी झालेली होती. समीक्षाने शीटवरचा फोन उचलला आणि प्रशीलला लावला.

"प्रशील, मघाशी मी खोटं बोलले. हेमांगी आलीय. कल्याणहून. आई दवाखान्यात असताना रोज सातला फोन करायची, ती. आणि धुळ्याचे नवलभाऊ आलेत, पहाटेच्या एसटीने." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो. दोघंच. बाकी कोणी येणार नाही. आईला सांग, माझी माणसं आलीत. संध्याकाळच्या गाडीआधी एकदा घरी घेऊन येते."

तिने फोन ठेवला. "आबा, चला."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग आत बघितलं. "ताई, आठ शीट खाली शेतस."

"माहीत आहे आबा. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. रागवा माझ्यावर. पण ज्यांची वाट बघायची होती, ते साडेसातलाच आले होते."

अठरा वर्षांचा नेम होता, आणि आबांच्या लेखी तो नेम म्हणजे माझं आणि त्यांचं आयुष्य होतं. त्यांनी आरशावरची माळ सारखी केली, आपल्या जागेवर चढून बसले आणि म्हणाले, "बठा. नेम मन्हा व्हता, मोडना तं मन्हा मोडना."

त्यांनी किल्ली फिरवली. खरं सांगते, पहिल्या खेपेला मी मुद्दाम चालू झाले नाही. सवय अशी सहजी जात नाही. दुसऱ्या खेपेला झाले. आणि आठ रिकाम्या शीटांचा असा काही खडखडाट सुरू झाला की मला वाटलं, रस्त्यावरचे सगळे मलाच हसतायत.

कुठे जायचं? तक्त्यातली सकाळ तर संपत आली होती. समीक्षाने हेमांगीला विचारलं, "तुला काय बघायचंय?" तीन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. हेमांगी म्हणाली, "काही नाही बघायचं. भूक लागलीय."

म्हणून आम्ही पद्मालयला गेलो नाही, लळिंगला गेलो नाही, उनपदेवला तर नाहीच. नशिराबादेत आबांच्या भाच्याचं वांग्याचं शेत आहे, तिथे गेलो. कपाशीच्या काड्या पेटल्या. समीक्षा, हेमांगी आणि नवल, तीन करपवणारे, आगीभोवती बसून वांगी जाळू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी "अरे, जळतंय" असं म्हणालं नाही. भाचेसुनेने ज्वारी-उडदाच्या, म्हणजे कळण्याच्या भाकरी थापल्या. नवल मोकळा झाला आणि असा बोलत सुटला की त्याला घास घ्यायची आठवण करून द्यावी लागली. जेवण होऊन हात धुताना हेमांगी हसली, आणि समीक्षाने ते हसणं असं बघितलं की जणू तेच बघायला ती एवढी निघाली होती. तिघांच्या दातांना काळं लागलं होतं. सांगते, विशेष देखणं दृश्य नव्हतं.

चार वाजता इंदूरच्या साहेबांचा निरोप आला, "कार्यक्रम पुढे ढकलला का?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही. टायर फुटला नाही. मला थोडं वाईटच वाटलं. संध्याकाळी द्रौपदाबाईंनी हेमांगीला दारातच पाण्याचा तांब्या दिला आणि तिने आणलेली शाल पांघरली. प्रशील कोपऱ्यात उभा होता. जाताना त्याने हेमांगीची बॅग माझ्यात ठेवली आणि तो स्टेशनपर्यंत सोबत बसला.

मार्चमध्ये माझा परवाना संपला. आता मी त्याच नशिराबादच्या शेतात चाकांशिवाय उभी आहे. माझ्या मागच्या शीटवर खताची रिकामी पोती आहेत आणि मधल्या शीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसते. आबा दोनदा आले, मग त्यांचे गुडघे धरले. समीक्षा एकदाही आली नाही. ती मे महिन्यात कल्याणला जाऊन आली असं भाचा सांगत होता, आणि नवलच्या दुकानातही अधूनमधून जाते म्हणे. जाऊ दे. मी तिला काय पाणी विचारणार होते?

मित्रांनो, जुन्या गाडीला धुवा, तिच्या टायरात हवा ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही ते करणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. एवढंच सांगते. कुठे भेटायचं ठरवाल तेव्हा ठिकाणांचे तक्ते करा, मतदान करा, हवे तेवढे अंगठे दाखवा. पण जो माणूस आला, त्याच्याकडे आधी वळून बघा. त्याला पाणी द्या. जे आले नाहीत त्यांच्यासाठी त्याला उन्हात बसवू नका. वीस वर्षांत माझ्यात किती माणसं बसली असतील, मोजायला बसलात तर तुमची वही पुरायची नाही. गल्लीतली माणसं सोडली तर त्यातल्या दोघांचीच नावं मला माहीत आहेत, आणि तीही मी जवळजवळ रिकामी निघाले त्या दिवसाची.